डावखुऱ्या हाताचा कोपरा

ता. ४ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

तेवीस वर्षांपूर्वी गच्चीवर ठोकलेला चुन्याचा कोबा वीतभर ओल्या मातीचं ओझं पेलेल का? बाबा, या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. चार वर्षं कॉलेजात गेली, घरातली पहिली पदवी तुम्ही भिंतीवर टांगलीत, आणि आल्यागेल्याला पाणी विचारायच्या आधी ती दाखवता. तुमची ही पदवीधर लेक पहिल्याच खऱ्या प्रश्नाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसली आहे. फोन केला असता, पण तुम्हाला हातोड्याच्या आवाजाने ऐकू येईनासं झालंय, आणि आई ऐकते ते तिच्या सोयीचं. म्हणून पत्र.

आधी बातमी सांगते, नीट बसून वाचा. गेल्या आठवड्यात ऑफिसने मला नवीन काम दिलं. आमचं काम तुम्हाला माहीत आहेच: इमारतींच्या गच्च्यांवर बाग करायची, म्हणजे खालच्या खोल्या थंड राहतात आणि पावसाचं पाणी गटारात धावण्याआधी मातीत थांबतं. कागदावरचा पत्ता मी दोनदा वाचला. मोठं वाचनालय, टाउन हॉलच्या मागचं. तुमचं वाचनालय! लहानपणी शहरात आलो की बसच्या खिडकीतून तुम्ही ज्याच्याकडे बोट दाखवायचात ते. तुमचं बोट वर गच्चीकडे असायचं, मी मात्र दारातले दगडी सिंह बघायची.

काल पहिल्यांदा त्या गच्चीवर उभी राहिले. आजूबाजूला जिकडे बघावं तिकडे पत्रे, काळ्या टाक्या आणि तापलेलं सिमेंट. दुपारी एकच्या सुमाराला गच्चीवरून वाफ निघते की काय असं वाटतं. खालचं अभ्यासिकेचं दालन मार्चपासून दुपारी बंद ठेवावं लागतं. ग्रंथपालबाई सांगत होत्या की तिथे येणारी बहुतेक मुलंमुली एका खोलीच्या घरातली, दुपारी दुसरीकडे कुठे वाचायला जागा नाही. त्यांना ‘दुपारी अभ्यासिका बंद’ ही पाटी लावताना दरवर्षी लाज वाटते म्हणे. मी त्यांना सांगितलं की पुढच्या वर्षी ती पाटी लागणार नाही. बोलून गेले खरी.

आता अडचण. आमचे वरिष्ठ अभियंता, ज्यांना सगळं ऑफिस मागे ‘मोजपट्टी’ म्हणतं, त्यांचं म्हणणं की जुन्या कोब्याचा नकाशा नाही, त्याचा भरवसा कोण देणार. तो फोडायचा, चाळीस ट्रक राडारोडा शहराबाहेर नेऊन टाकायचा, नवीन सिमेंट ओतायचं आणि मग बाग करायची. मी विचारलं की चांगली गच्ची फोडून कचऱ्यात टाकायची आणि त्यावर रोपं लावून तिला पर्यावरणपूरक म्हणायचं, हे कुठलं शहाणपण. ते रागावले नाहीत. मला बावीस तारखेपर्यंत मुदत दिली. जुना कोबा वजन पेलतो आणि पाणी धरतो हे सिद्ध केलं तर तो राहील, नाहीतर फोडणारी माणसं येतील.

तेव्हा सांगा, खाली काय आहे? किती जाड आहे? काय काय आठवतं ते सगळं लिहा. आई कोबा ठोकायला होती ना त्या कामावर? तिलाही विचारा.

आईची अक्षरं कुठवर आली? प्रौढवर्गाच्या बाईंना चकवून ती मागच्या दाराने घरी पळते असं शेजारच्या काकूंनी कळवलंय.

लोभ आहेच, फक्त जरा लवकर पोस्टात टाका.

तुमची,
ओळंबा


ता. ९ मार्च

चि. ओळंब्यास,

अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली. तुझी आई म्हणते की आता अर्धीच ठेवा, अर्ध्या माणसाला अर्धी दाढी शोभते. तिचं असंच चालू आहे.

वाचनालयाचं नाव वाचून आरसा तसाच टाकला आणि तुझ्या आईला हाक मारली. ते माझ्या हातचं सगळ्यात मोठं काम. विचारलंस ते सांगतो. वर लोखंडी तुळया आहेत, दर दोन हातांवर एक, मधे विटांच्या बसक्या कमानी. त्यावर जुना कोबा होता तो लोकांनी गळती लागेल तसा थरावर थर चढवून हातभर जाड केला होता. आम्ही तो सगळा काढला. पाट्या डोक्यावर घेऊन अठरा दिवस उतरवत होतो. आणि घातला किती, तर फक्त वीतभर, तोही ठोकून ठोकून चार बोटांनी खाली बसवलेला. म्हणजे बघ, त्या तुळयांनी ऐंशी वर्षं हातभर ओझं वाहिलं आणि गेली तेवीस वर्षं त्या आराम करतायत. तुझी वीतभर माती म्हणजे त्यांचं जुनंच ओझं त्यांना परत. शिवाय ठोकताना वर चाळीस बायका, पाण्याची पिंपं आणि ओला चुना. तुझी आई म्हणते की चाळीस बायकांत मुकादमाची बहीण होती, तिला दोन धर.

कोबा ठोकणं तू पाहिलेलं नाहीस. आता कोणी करत नाही. बायका समोरासमोर दोन रांगा करून उकिडव्या बसायच्या, प्रत्येकीच्या हातात लाकडी थापी. एका तालात ठोकायचं, एक वीत पुढे सरकायचं, पुन्हा ठोकायचं. सात दिवस. पहिल्या दिवशी आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा येतो. सातव्या दिवशी तीच गच्ची खणखणते आणि थापी हातात उडी मारते. त्या आवाजावरून मी खालच्या गल्लीत उभा राहून सांगायचो की आज झालं. तुझी आई डावखुरी, तिची थापी शेजारणीच्या थापीवर आपटायची म्हणून तिला रांगेच्या टोकाला बसवलं. मागच्या भिंतीकडचा कोपरा सातही दिवस तिच्याच वाट्याला आला.

आणि एक सांगतो, तुला ठाऊक नसेल. आमच्याकडे रीत अशी होती की गच्ची झाली की तोंडं बंद करून तीन दिवस पाणी भरून ठेवायचं, आणि ज्या गवंड्याने गच्ची केली त्याने ते तीन दिवस बायकापोरांसकट त्याच छताखाली मुक्काम करायचा. गळलं तर आधी तुझ्याच डोक्यावर. माझ्या बापाने मला घातलेली सवय. तू तेव्हा तीन महिन्यांची होतीस. त्या अभ्यासिकेत तेव्हा नुसत्या रिकाम्या फळ्या होत्या. एका फळीवर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून तुला ठेवली होती. तीन दिवस तू छताकडे बघत पडली होतीस, रडलीसुद्धा नाहीस. तेव्हाच मी म्हटलं की ही पोर काहीतरी मोजते आहे.

एक थेंब पडला नाही. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि तिथून माझं नाव ‘पाणीवाला गवंडी’ पडलं. पाणी कुठे जाईल ते याला आधी कळतं, असं लोक म्हणायचे. त्या एका नावावर वीस वर्षं कामं मिळाली, तुझं कॉलेज झालं.

गच्चीला पाणी जायची तोंडं दोन, दोन्ही रस्त्याच्या बाजूला. पाण्याची परीक्षा घेशील तेव्हा ती नीट बंद कर.

तुझी आई वर्गाला जाते, पण जोडाक्षरांशी तिचं भांडण झालंय. म्हणते की दोन अक्षरांना एका खाटेवर का झोपवायचं.

उन्हात टोपी घाल. बाकी सर्व क्षेम, तुझ्या पत्राने आमचा आठवडा जातो हे ध्यानात ठेव.

तुझा,
बाबा


ता. १५ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि., आणि अर्ध्या दाढीची विचारपूस.

तुमचं पत्र मी मोजपट्टी साहेबांना वाचून दाखवलं, आईचे शेरे वगळून. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तुळया मोजायला स्वतः शिडीवर चढले. दोन दिवस आकडेमोड केली. तुमचंच बरोबर निघालं. वरून उतरवलेला कोबा किती आणि आमची माती किती हे मांडल्यावर तुळयांवर जुन्यापेक्षा ओझं कमीच पडतं. आम्ही माती तरी साधी कुठे वापरतो? फुटक्या विटांचा भुगा, पालापाचोळ्याचं खत आणि थोडीशी खरी माती. साहेब म्हणाले की हे तुझे वडील कुठे शिकले. मी म्हटलं, पाटीखाली.

तर वजनाचा प्रश्न सुटला. आनंदाने मी त्या दिवशी मागच्या कोपऱ्यात जाऊन धूळ झाडली. बाबा, तिथल्या कठड्यालगतच्या गोलाईवर थापीच्या खुणा अजून आहेत. सगळ्या गच्चीभर त्या एका बाजूला कललेल्या, आणि तेवढ्या कोपऱ्यात उलट्या. मी तिथे उकिडवी बसले, डावा हात उचलून बघितला. माझे गुडघे दहा मिनिटांत बोलायला लागले. ती सात दिवस कशी बसली असेल? तीन महिन्यांची मी कुठे होते तेव्हा? आईला विचारा, मी कुणाकडे असायचे?

आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते. दोन्ही तोंडं बंद करून आम्ही गच्चीवर पाणी भरलं. शेजारी एक बादलीही भरून ठेवली. उन्हाने पाणी उडतं, ते किती उडालं हे बादलीवरून कळतं. (तुमच्या वेळी बादली नव्हती, मुलगी होती.) खाली छत कोरडं ठणठणीत, एक डाग नाही. पण दोन दिवसांनी बादलीतलं पाणी एक बोट उतरलं आणि गच्चीवरचं चार बोटं.

तीन बोटं पाणी गेलं कुठे? सहाशे चौरस मीटरवरचं तीन बोटं पाणी म्हणजे थोडं नव्हे, ते हवेत विरत नाही. मी छत पुन्हा पुन्हा बघितलं. मग इमारतीला वळसा घातला. मागच्या भिंतीवर, मोडक्या खुर्च्यांचा ढीग आहे तिथे, वरपासून खालपर्यंत शेवाळाची एक अरुंद रेघ आहे. आजची नाही, जुनी आहे.

ऑफिसात याचे दोन अर्थ निघाले. बरोबरच्या मुलाने सुचवलं की छत कोरडं आहे ना, मग पाण्याच्या परीक्षेच्या फॉर्मवर एक बोट लिही आणि मोकळी हो, बादली कोण बघायला येतंय. मोजपट्टी साहेबांचं म्हणणं सरळ आहे. पाणी कुठे जातं हे सांगता येत असेल तर सही कर. नसेल तर तसं लिही, आणि मग फोडणारे येतील. वर कायमची ओली माती राहणार, झाडांची मुळं वाट शोधत जाणार. आज भिंतीत तीन बोटं जाणारं पाणी दहा वर्षांत ती भिंत पाडेल, आणि भिंतीला लागूनच अभ्यासिकेतली पुस्तकांची कपाटं आहेत. बावीस तारखेपर्यंत फॉर्म द्यायचा आहे. तो माझ्या ड्रॉवरमध्ये कोरा पडला आहे.

खरं सांगते, तुमच्यापासून काय लपवायचं. काल मी पेन उचललं होतं. ‘एक बोट’ एवढंच तर लिहायचं होतं. तुमची गच्ची वाचली असती, आईच्या खुणा वाचल्या असत्या, पुढच्या मार्चमध्ये ती पाटी लागली नसती. मग आठवलं, मी सहा वर्षांची असताना तुम्ही केलेली भिंत वाकडी आहे असं मी पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, आणि तुम्ही दोरी सोडून बघितलीत तर ती खरंच सूतभर वाकडी होती. तुम्ही भिंत पाडलीत आणि माझं नाव ओळंबा ठेवलंत. आता सूतभर वाकडं मी कसं लिहू? पेन खाली ठेवलं. पण रडू आलं, तेही सांगते.

बाबा, तुम्ही मला त्या गच्चीबद्दल सगळं सांगितलंय ना? चुकून काही राहिलं असेल तर आठवून बघा. रागावू नका.

उत्तराची वाट बघते आहे, लोभाला तर तुमच्याकडे सुट्टी नसतेच.

तुमची,
ओळंबा


ता. १८ मार्च

चि. ओळंब्यास,

अ. आ. वि. वि.

तुझं पत्र परवाच पोचलं. मी दोन दिवस ते खिशात घेऊन हिंडलो. तुझ्या आईने विचारलं काय लिहिलंय, तर मी म्हटलं की हवापाण्याचं. ती म्हणाली, हवेचं नसेल, पाण्याचंच असेल. मग तिने खिशातून काढून शेजारणीकडून वाचून घेतलं आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. हातपाय धुऊन, खाली बसून हे लिहितो आहे.

गच्चीला तोंडं दोन नाहीत, तीन आहेत. तिसरं मी केलं आणि तेवीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही.

झालं असं. नकाशात उतार रस्त्याकडे होता, तसाच मी दिला. पण पाचव्या दिवशी तुझी आई म्हणाली की ठोकताना शिंपडलेलं पाणी माझ्या पायाशी येऊन उभं राहतं, हा कोपरा खोल आहे. मी म्हटलं, तुझा डावा हात, तुला सगळं उलटंच दिसतं. सगळ्या बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात बसून ठोकत राहिली. संध्याकाळी तिचे पाय पाहिले, चुन्याच्या पाण्याने बोटांमधली कातडी गेली होती. तेव्हा मी दोरी धरली. कोपरा खरंच दोन बोटं खोल होता. माझी चूक होती. पण तोवर कोबा अर्धा आवळून घट्ट झाला होता, उतार बदलायचा म्हणजे सगळं उखडायचं. कंत्राटदाराला सांगितलं असतं तर त्याने मला दुपारीच घरी पाठवलं असतं.

युक्ती तिने काढली. मागच्या भिंतीत जुन्या धुराड्याचा बंद पडलेला मार्ग आहे, तो नेमका त्या कोपऱ्याखाली येतो. ती म्हणाली, पाणी इथेच येणार आहे तर त्याच्याशी भांडता कशाला, इथूनच वाट द्या. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघंच गेलो. कोपऱ्यात मुठीएवढं तोंड केलं, त्यावर भोकं पाडलेला दगड बसवला, आणि धुराड्यातून मातीच्या भाजक्या नळ्या खालच्या गल्लीपर्यंत सोडल्या. एक नळी कमी पडली. होती ती तुटकी. मी दोन तुकडे जोडले आणि सांध्यावर चुन्यात भिजवलेलं फडकं आवळून बांधलं. फडकं दुसरं नव्हतं. तुझं दुपटं फाडलं. तू त्या दिवशी माझ्या टोपीत झोपलीस. (तुझी आई म्हणते, बाकीचे दिवस तू वाळूच्या ढिगाच्या सावलीला पाटीत असायचीस, मुकादमाच्या बहिणीची नजर असायची. ती जाडी होती पण मायाळू होती, असं लिहायला सांगते आहे.)

आता त्या दगडाची भोकं धुळीने भरली असतील म्हणून तुला तो दिसला नाही. पाणी तिथूनच झिरपतंय. आणि फडकं कुजलं असणार, म्हणून सांध्यातून भिंत ओली होते. कोबा गळत नाही, पोरी. एवढं मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

पाठ थोपटून घेतली मी. पाणीवाला गवंडी झालो मी. ती रांगेच्या टोकाला होती, तिथेच राहिली. तिने कधी चारचौघांत शब्द काढला नाही. भांडणात हजार गोष्टी काढल्या, ही एक काढली नाही. तुझं पत्र आलं नसतं तर मी हे बरोबर घेऊनच गेलो असतो.

तुझ्या साहेबांना तिसऱ्या तोंडाचं जरूर सांग, चूक माझी होती हेही सांग. पण ओळंब्या, एक विनंती आहे. युक्ती कोणाची हे लिहायची गरज नाही. इथल्या लोकांना मी म्हातारपणी काय तोंड दाखवू? तुझ्या कामाला त्याने काही फरक पडत नाही.

तुझी आई म्हणते की मला खाली दोन ओळींची जागा सोडा. तिला काय लिहायचं आहे ते मला सांगत नाही. सोडतो.

जपून राहा. माझ्याविषयी मनात काही आलं असेल तर ते लिहून कळव, गप्प बसू नकोस.

तुझा,
बाबा

खरं लिही.
आई


ता. २६ मार्च

ती. बाबांस आणि ती. आईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी अभ्यासिकेत, मागच्या भिंतीलगतच्या टेबलाशी बसून लिहिते आहे. माझ्या डोक्यावर पाणी भरलेलं आहे. आज तिसरा दिवस.

तुमचं पत्र वीस तारखेला आलं. ते घेऊन मी तशीच मोजपट्टी साहेबांकडे गेले आणि त्यांच्यासमोर ठेवलं. मी वाचून दाखवलं नाही, कारण माझ्याच्याने ते मोठ्याने वाचवलं नसतं. ते सावकाश वाचत होते. एका ठिकाणी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की तीस वर्षांत मला पुष्कळ गवंड्यांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या, स्वतःची चूक पत्राने कळवणारा हा पहिलाच. एवढं बोलून त्यांनी फोडणाऱ्या माणसांना थांबायला सांगितलं आणि मला आणखी आठ दिवस दिले.

कोपरा मी स्वतः उघडला. छिन्नी धरायला तुम्ही शिकवलंय, तेवढं विसरले नाही. दगड निघाला, पाच भोकांचा. खाली नळी. धुराड्याच्या बाजूने दोन विटा काढून हात आत घातला तर सांधा बोटांना लागला. आई, फडकं कुठेच उरलेलं नाही. पण चुन्यावर त्याची वीण उमटली आहे. एकेक धागा दिसतो, आडवा नि उभा, आणि एका कडेला तुझी शिवण, मोठ्या मोठ्या टाक्यांची, उलट्या हाताने घातलेली. तळहाताएवढा तो तुकडा सुटून माझ्या हातात आला. मी तो रुमालात बांधून घरी आणला आहे. जे माझ्याभोवती तीन महिने होतं त्याने तेवीस वर्षं या भिंतीभोवती काम केलं.

जुन्या नळ्या काढून आतून एकसंध नळी सोडली. ती वाट मात्र बंद केली नाही. आईने म्हटलं होतं ना, पाण्याशी भांडायचं कशाला. बागेतलं जास्तीचं पाणी आता तिथूनच खाली येईल आणि गल्लीऐवजी टाकीत पडेल, आणि उन्हाळ्यात तेच पाणी वर झाडांना जाईल. तो कोपरा आम्ही मातीशिवाय मोकळा ठेवतो आहोत. साहेबांनी कारण विचारलं तर मी म्हटलं, तोंड साफ करायला माणसाला बसायला जागा हवी. ते खरंच आहे. पण तेवढंच कारण नाही, हे त्यांनाही कळलं असावं.

मग परवा तिन्ही तोंडं बंद करून पाणी भरलं. बादली ठेवली. आणि मी ग्रंथपालबाईंना आपली रीत सांगून तीन दिवस इथे बसायची परवानगी मागितली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, आणि स्वतःची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणली. म्हणाल्या, पुस्तकं माझी आहेत, गळलं तर मी एकटी कोरडी कशी राहू. दोन दिवस आम्ही डबा इथेच खातोय. बाबा, कुठल्या फळीवर मला ठेवलं होतंत? मी तीन-चार फळ्यांना हात लावून बघितला. खिडकीजवळची असावी, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

आज दुपारी वर जाऊन मोजलं. बादली दीड बोट. गच्ची दीड बोट. मी पुन्हा मोजलं. मग साहेबांनी त्यांच्या पट्टीने मोजलं. खाली आल्यावर ग्रंथपालबाई ‘दुपारी अभ्यासिका बंद’ ही पाटी घेऊन उभ्या होत्या. मला वाटलं भिंतीवर लावतायत, तर त्यांनी ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर मला विचारत विचारत झाडांची यादी करायला घेतली.

आता तुमच्या विनंतीबद्दल, बाबा. तुम्ही लिहिलंत, मनात काही आलं असेल तर कळव. आलं. पहिल्या दिवशी तुमचा राग आला. दुसऱ्या दिवशी छताकडे बघत बसले तेव्हा वाटलं, चूक मान्य करायला तुम्हाला तेवीस वर्षं लागली आणि आईची युक्ती मान्य करायलाही तेवढीच. पण दोन्ही तुम्ही एकाच पत्रात केलंत. ज्याने माझ्या शब्दावर स्वतःची भिंत पाडली होती तो माणूस मला त्या पत्रात पुन्हा भेटला. तुमची गच्ची राहिली आहे. ती तुमचीच आहे, कोणी नाही म्हणणार नाही.

तरी आईने तुमच्या पत्राखाली दोन शब्द लिहिले. तिने आयुष्यात लिहिलेलं पहिलं वाक्य, तेही जोडाक्षर टाळून. बाकीच्यांना सांगायची बाब तुमची, तिथे मी बोलणार नाही. पण फॉर्म माझा आहे.

त्यात एक रकाना आहे, ‘पाण्याच्या निचऱ्याची रचना कोणी केली’. तिथे नेहमी कुठल्यातरी कंपनीचं नाव असतं. मी आईचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे हुद्दा विचारतात. तिथे लिहिलं: कोबा ठोकणारी, रांगेत शेवटची. खाली ‘बांधकाम’ या रकान्यात तुमचं नाव लिहिलं आणि त्याखाली माझी सही केली. साहेबांनी वाचलं आणि आपली सही केली. चार वाजता मी फॉर्म जमा करून पोच घेतली. खोडायची सोय आता राहिलेली नाही.

रागावला असाल तर या आणि समोर उभं राहून रागवा. तुम्ही येईपर्यंत मी तोंडं उघडत नाही. पाणी कुठून जातं ते आईला बघायचं असेल.

तुमच्या दोघांच्या लोभात माझी फळी राखून ठेवा.

तुमची,
ओळंबा